जुन्यावर नवा हात



कुणाचे तरी वापरलेले सामान आणायचे, त्याला रंग द्यायचा आणि दिवाणखान्यात मांडायचे, ही शहरात आता हौस झाली आहे. आमच्या रिठदसारख्या गावात मात्र ती हौस नव्हती, रीत होती. जुन्या बाजारातून आणलेली खुर्ची असो की नात्यातून आलेली पत्र्याची ट्रंक, ऑईलपेंटचा एक हात मारला की ती आपली झाली! या 'एका हाता'चा इतिहास बराच मागे जातो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीच लेणी कोरली गेली. सोळावे लेणे त्याचा प्रधान वराहदेव याने करवून घेतले, असा शिलालेख तेथे आहे. पण नववे आणि दहावे लेणे त्याहून पाच-सहा शतके जुने. पाचव्या शतकातील चित्रकारांनी ती लेणी टाकून दिली नाहीत. तिथल्या जुन्या भिंती-खांबांवर त्यांनी नव्याने बुद्धप्रतिमा रंगवल्या. म्हणून त्या लेण्यांत आज दोन्ही काळांची चित्रे दिसतात. रंग तरी कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी... निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, दूरवरून आणलेला.

खेड्यातल्या घरांत गेरू आणि चुना पुढेही टिकले. लाकडाला आणि पत्र्याला मात्र ते धरत नाहीत, तिथे तेलात कालवलेला रंग लागतो. तो डबाबंद स्वरूपात गावोगाव पोहोचला त्यात एशियन पेंट्सचा वाटा मोठा. १९४२ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी. हातात ब्रश आणि डबा घेतलेला तिचा खोडकर 'गट्टू' आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. कंपनीने लहान डबे खेड्यांत नेले आणि ते चांगले खपले. त्यामागे आपला पोळा होता असे सांगतात. बैलांची शिंगे रंगवायला शेतकऱ्याला मोठा डबा कशाला? आणि शिंगे रंगवून उरलेला रंग वाया थोडाच जातो! तो दाराच्या चौकटीला, पाटाला, ट्रंकेला लागतो.

आता थोडे काळजीचे. शिसे मिसळले की रंग लवकर वाळतो आणि चकाकतो, म्हणून जुन्या ऑईलपेंटमध्ये ते सर्रास असे. आपल्या देशात घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण नियमाआधीचे थर अजून घराघरांतल्या कपाटांवर आहेतच. ते कोरडे घासले की धूळ उडते, आणि ती लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला अपाय होतो. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, मुलांना लांब ठेवावे, ओल्या फडक्याने सारे पुसून घ्यावे. जुना पाळणा असेल तर दुप्पट काळजी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वस्तूला रंग हवाच असे नाही. १९२० नंतर निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी भिंतीवरून सुटणारा थर पक्का केला, हे उपकारच. पण वर लाखेचे व्हार्निशही दिले. ते पुढे पिवळे-काळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला काढत बसावे लागले. हेतू चांगला असूनही चित्र झाकले गेले. चांगल्या सागवानाला ऑईलपेंट फासला की तेच होते. तेलाचा हात पुरतो त्याला.

आपल्या नातलगांना एक सांगणे. जुन्या ट्रंकेच्या झाकणावर रंगाने नाव-गाव लिहायची पद्धत होती. माहेरचे आडनाव, गावाचे जुने स्पेलिंग, कधी सालही. रंग देण्याआधी झाकण नीट पाहा. अक्षरे दिसली तर तेवढी चौकट सोडून बाकीचे रंगवा. नाहीच जमले तर फोटो काढून ठेवा आणि मलाही पाठवा. आपल्या घरातल्या कित्येक बायकांचे माहेरचे नाव दुसरीकडे कुठे लिहिलेलेच नाही.