दोराची दोन टोके

रस्त्याने दोन मोटारी चालल्या आहेत. पुढच्या मोटारीचे एंजिन धडधडत आहे, मागच्या मोटारीचे मुके झाले आहे. दोहोंच्या मध्ये जाड दोर ताणलेला आहे आणि मागच्या मोटारीत एक मनुष्य चक्र धरून बसला आहे. हा मनुष्य मोटार चालवीत आहे, की नुसताच तीत बसलेला आहे? प्रश्न वरवर पाहता शाब्दिक वाटेल. परंतु त्याच्या हातून एखादा वाटसरू चिरडला गेला, तर अपराधी कोणाला म्हणावयाचे, हे त्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते. हे उत्तर निश्चित करावयास कायद्याला बराच काळ लागला.

मोटारीपूर्वी रस्त्यावर आले ते वाफेचे एंजिन. लोखंडी चाकांची ही अवजड यंत्रे मागे मालाच्या गाड्या जोडून इंग्लंडच्या रस्त्यांवरून चालू लागली, तेव्हा घोडे बुजू लागले आणि लोकही धास्तावले. या धास्तीतून १८६५ चा लोकोमोटिव्ह ॲक्ट जन्मास आला. एंजिनाच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे, हे त्यातील कलम जगभर थट्टेचा विषय झाले. त्याच कलमाच्या शेजारची एक अट मात्र सहसा कोणाच्या स्मरणात नसते. एंजिनाबरोबर निदान तीन माणसे असलीच पाहिजेत, आणि मागे दोहोंपेक्षा अधिक गाड्या जोडल्या असतील तर त्या गाड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आणखी एक माणूस नेमला पाहिजे, अशी ती अट होती. पुढच्या निशाणाची चेष्टा झाली खरी, पण मागे जे ओढले जाते त्याकडे पाहणारा कोणी तरी हवा, हा विचार शहाणपणाचाच होता.

पुढे हलक्या मोटारी आल्या आणि १८९६ च्या कायद्याने त्यांना या जुन्या जाचातून मुक्त केले. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून तो अंमलात आला. पण मुक्ती देतानाही कायद्याने शेपटी मोजून घेतली. ज्या वाहनाचे स्वतःचे वजन तीन टनांहून कमी आहे, जे एकाहून अधिक वाहन ओढीत नाही, आणि ओढलेल्या वाहनासह ज्याचे रिकामे वजन चार टनांवर जात नाही, अशाच वाहनाला ही सवलत मिळाली. येथे ओढली जाणारी वस्तू म्हणजे केवळ एक ओझे होते. ओझ्याची संख्या मोजली गेली, वजन मोजले गेले. त्या ओझ्याला स्वतःचे चक्र, स्वतःचा ब्रेक आणि आत बसलेला मनुष्य असू शकेल, ही कल्पना अद्याप पुढेच होती.

ही कल्पना पुढे आणली ती मोटारींच्या बिघाडांनीच. रस्त्यात बंद पडलेली मोटार घरी नेण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे दोर बांधून ओढणे, दुसरा म्हणजे उचलून नेणे. दुसऱ्या मार्गाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील टेनेसी संस्थानातल्या चॅटनूगा गावाचे नाव घेतले जाते. तेथील गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ साली ओढ्यात पडलेली एक मोटार दोर, ठोकळे आणि सहा माणसांच्या बळावर बाहेर काढली. या श्रमांतून त्यांना एक कल्पना सुचली आणि त्यांनी एका जुन्या कॅडिलॅक मोटारीवर तीन खांबांची यारी बसविली. अपघातग्रस्त गाड्या उचलणाऱ्या आजच्या क्रेनगाडीचा वंश या यारीपर्यंत नेऊन पोहोचविता येतो. पुढची चाके अधांतरी उचलली की मागच्या गाडीला चालकाची गरज उरत नाही. पण क्रेन सर्वत्र नसते. घाटात, आडरानात, रात्रीच्या वेळी दोरच कामास येतो, आणि जेथे दोर आहे तेथे मागे मनुष्य लागतोच.

त्या मनुष्याचे काम किती अवघड आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येत नाही. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. पुढच्या गाडीने ब्रेक लावला की मागची गाडी आपल्या वेगाने तिच्यावर जाऊन आदळणार. तिला आवरण्याचे सामर्थ्य मागच्या माणसाच्या पायातच असते. दोर सैल पडला आणि पुढच्याने एकदम वेग घेतला, तर असा हिसका बसतो की दोर तुटतो किंवा आकडाच उपटून येतो. म्हणून मागचा जाणता चालक हलकासा ब्रेक लावीत दोर सदैव ताणलेला ठेवतो. त्यात एंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-चार वेळा पाय दाबताच संपते आणि पुढे ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. चक्र फिरविण्यास यंत्राचे साहाय्य असलेल्या गाडीत तेही जड होते. किल्ली काढून घेतली असेल, तर अनेक गाड्यांत चक्राला कुलूपच बसते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची अडचण आणखी वेगळी आहे. तिच्या गिअरपेटीतील तेल खेळविणारा पंप एंजिनावर चालतो. एंजिन निपचित असताना अशी गाडी चालकचाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढली, तर दुरुस्तीस नेता नेताच ती अधिक बिघडते.

असे असूनही, १९४६ साली इंग्लंडमधील वॉलेस विरुद्ध मेजर या खटल्यात न्यायालयाने मागच्या माणसाला चालक मानले नाही. दोराने ओढल्या जाणाऱ्या नादुरुस्त वाहनाचे चक्र धरणारा मनुष्य १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या अर्थाने वाहन 'चालवीत' नाही, असा तो निर्णय होता. गती पुढच्या वाहनाची, म्हणून चालकही पुढचाच, हा त्यामागचा साधा तर्क. चौतीस वर्षांनी, १९८० साली, मॅकक्वेड विरुद्ध अँडरटन या खटल्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वाहन चालविण्यास बंदी झालेला एक मनुष्य ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या चक्रामागे बसला होता. या वेळी न्यायालयाने निराळी दृष्टी स्वीकारली. गती कोठून येते यापेक्षा तिला दिशा कोण देतो आणि तिला आवर कोण घालतो, हे महत्त्वाचे ठरले. चक्र आणि ब्रेक ज्याच्या स्वाधीन, तो चालक. बंदी मोडल्याचा दोष त्या माणसाच्या माथी आला.

भारतात मोटारींविषयीचे अखिल भारतीय कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन टप्प्यांनी आले. १९८८ च्या कायद्याखाली १९८९ साली रस्त्यावरील वर्तनाची जी नियमावली झाली, तिने हा प्रश्न वादासाठी मोकळा ठेवलाच नाही. नादुरुस्त किंवा अर्धवट जुळणी झालेली मोटार, नोंदलेला ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज दुसरे वाहन मोटारीने ओढू नये, आणि ओढणे ते पोहोचवणीपुरते किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत अथवा पेट्रोल पंपापर्यंतच. ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक मनुष्य बसलेला असावा, अन्यथा तिची दिशा देणारी चाके यारीने किंवा अन्य साधनाने जमिनीपासून वर घट्ट उचललेली असावीत. दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरांपेक्षा कधीही अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी व्यवस्था करावी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर निदान पंचाहत्तर मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहावे. आणि वेग ताशी चोवीस किलोमीटरांवर जाऊ नये.

या कलमांतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी जीव आहे. दोर लांब झाला की मधली जागा मोकळी समजून पादचारी किंवा सायकलस्वार त्यात शिरतो, आणि काळोखात न दिसणारा दोर त्याला आडवा करतो. म्हणून अंतराला मर्यादा आणि दोराला ओळख. चोवीस किलोमीटर हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण तो जुन्या हिशेबाच्या पंधरा मैलांशी बरोबर जुळतो. त्या वेगात पुढच्याचा ब्रेक आणि मागच्याचा ब्रेक यांत क्षणाचे अंतर पडले, तरी अनर्थ टळण्याची आशा राहते. २०१७ साली नवी नियमावली आली आणि १९८९ ची मागे पडली. तथापि ओढून नेण्याच्या विषयाला तीतही स्वतंत्र स्थान मिळाले.

मालमोटारी चालविणाऱ्यांच्या बोलीत या साऱ्या प्रकाराला 'टोचन' हा एकच शब्द आहे. इंग्रजीतील 'टो' आणि 'चेन' हे दोन शब्द त्यात एकजीव झालेले दिसतात. 'टोचन लावणे' म्हणजे अडलेल्याला हात देणे. रात्री-बेरात्री अनोळखी मनुष्याची गाडी आपल्या गाडीला बांधून घेणारे चालक महामार्गांवर आजही भेटतात, आणि कायदा या साहाय्याच्या आड येत नाही. तो एवढेच बजावतो की, साहाय्य करणाऱ्याने घाई करू नये आणि साहाय्य घेणाऱ्याने निश्चिंत होऊ नये.

१८६५ च्या कायद्याला मागच्या गाड्यांसाठी एक माणूस हवा होता. १८९६ च्या कायद्याने वजन मोजले, १९४६ च्या न्यायालयाने गतीचे मूळ पाहिले, १९८० च्या न्यायालयाने चक्रावरचे हात पाहिले. इतका प्रवास करून कायदा जेथे येऊन पोहोचला, ते ठिकाण व्यवहाराला अपरिचित नाही. बळ दुसऱ्याचे असले तरी आपल्या हातातील चक्राची आणि पायाखालील ब्रेकची जबाबदारी आपलीच राहते. दोराला दोन टोके असतात, आणि दोन्ही टोकांना जागा मनुष्य असावा लागतो.