बैलगाडी, सायकल आणि पेट्रोलचा हिशेब

मागच्या जून महिन्यापासून मी मोटारीत पेट्रोल भरणे जवळजवळ बंद केले आहे. मोटार विकलेली नाही. ती दारात उभी असते, आणि घरात कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर निघते. शहरातली बाकीची सगळी कामे मी सायकलवर करतो. पूर्वी महिन्याला सुमारे चार हजार रुपये पेट्रोलला जात. पहिल्या तीन महिन्यांच्या वाचलेल्या पैशांत साडेसात हजारांची एक साधी सायकल, दीड हजारांचे हेल्मेट, नऊशे रुपयांचे पुढचे-मागचे दिवे, आठशेचा रेनकोट, पाचशेचा पंप, चारशेचे कुलूप आणि अडीचशेचे पंक्चरचे सामान एवढे घेऊन झाले आणि दीडशे रुपये उरले. मी निवृत्त शिक्षक आहे. हिशेब लिहून ठेवायची सवय जात नाही.

हा हिशेब माझ्यापुरता राहिला असता. पण आमच्या वस्तीतला एक तरुण कार्यकर्ता एके दिवशी मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "सर, बाबासाहेबांनी आपल्याला कोट-टाय दिला, मोटारीत बसायची हिंमत दिली. आणि तुम्ही पेन्शन घेऊन परत सायकलवर? लोक म्हणतात, मास्तरांचे दिवस फिरले."

त्याचे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्याच्या मागे आमचा इतिहास उभा आहे. या देशात वाहन हे केवळ वाहन कधीच नव्हते. कोणी कशात बसावे, कोणी कोणाची गाडी हाकावी, कोणी कोठे उतरून पायी चालावे, हे गावगाड्याने ठरवून टाकले होते. म्हणून त्या तरुणाला उत्तर द्यायचे तर सुरुवात पेट्रोलपासून करून चालणार नाही. बैलगाडीपासूनच करावी लागेल.

१९०१ साली साताऱ्याहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत भीमराव होते. अंगावर चांगले कपडे होते, खिशात भाड्याचे पैसे होते. पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि वर अशी अट, की गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. पैसा होता, गाडी होती, बैल होते. नव्हता तो फक्त आम्हाला शेजारी बसवून घेणारा माणूस.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये, तेच भीमराव बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सभासद या नात्याने खानदेशात गेले. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. तडजोड निघाली ती पुन्हा तीच: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. पाहुण्याला पायी नेणे महारवाड्यातल्या मंडळींना कमीपणाचे वाटले. म्हणून ज्याला टांगा हाकण्याचा सराव नाही असा आपल्यातलाच एक जण पुढे बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या दोन्ही हकिगती त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

आता सायकलचे महत्त्व ध्यानात येईल. सायकलला गाडीवान लागत नाही. बैल लागत नाहीत, म्हणून वैरण लागत नाही आणि वैरणीसाठी जमीनही लागत नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याच्या मालकीचे होऊ शकेल आणि ज्यासाठी कोणाचे मन वळवावे लागणार नाही, असे हे पहिले वाहन. १९५० च्या आसपास मद्रास, सोनपत, आसनसोल अशा ठिकाणी देशी कारखाने निघाले आणि सायकल हळूहळू मजुराच्या आवाक्यात आली. प्रस्थापितांच्या इतिहासाने रेल्वेवर ग्रंथ लिहिले. सायकलवर आमच्या माणसांनी काय काय वाहून नेले हे मात्र कोणी लिहिले नाही.

माझे वडील बांधकाम खात्यात रस्त्यावरचे बिगारी होते. मराठवाड्यातल्या आमच्या गावापासून कामाची जागा सात मैल. त्यांनी हप्त्याने जुनी सायकल घेतली तेव्हा आईने तिला हळद-कुंकू लावले नाही. हाताने पुसली फक्त. त्या सायकलच्या मधल्या दांड्यावर बसून मी शाळेत गेलो. पण वडील घरून निघाले की चावडीच्या अलीकडे उतरत, सायकल हातात धरून चावडी, पार आणि पाटलाचा वाडा ओलांडत, आणि वेशीबाहेर गेल्यावर पुन्हा बसत. रोज. जाताना आणि येताना. मी एकदा विचारले, "बाबा, चेन पडली का?" ते म्हणाले, "व्हय." चेन पडलेली नव्हती, हे कळायला मला आणखी दोन वर्षे लागली. ही गोष्ट एकट्या माझ्या गावची नाही. तामिळनाडूतल्या अनेक गावांत सवर्णांच्या गल्लीतून दलिताने सायकलवर बसून जायचे नाही, असा दंडक अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत होता. म्हणजे वाहन मिळाले, पण रस्ता मिळाला नव्हता.

आणि रस्ता कोणी केला होता? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले लक्षावधी स्त्री-पुरुष सरकारी कामांवर गेले. मे १९७३ मध्ये ही संख्या जवळपास ५० लाखांवर पोचली. माझ्या आईने त्या उन्हात खडी फोडली. तिच्यासारख्यांनी फोडलेल्या खडीवरच पुढे महाराष्ट्राचे रस्ते झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखून धरले. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेली किंमत १९७४ च्या सुरुवातीस १२ डॉलरच्या घरात गेली. नोव्हेंबरमध्ये हॉलंडमध्ये रविवारी मोटारींना बंदी झाली आणि लोक हमरस्त्यांवर सायकली घेऊन उतरले. आपल्याकडे पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. निषेध रास्त असेल. पण ज्यांना मोटार आहे त्यांनी एक दिवस बैलगाडीत बसणे आणि ज्यांना बैलगाडीतही बसू दिले नाही त्यांची आयुष्यभराची पायपीट, यांत अंतर आहे. एकाचे ते प्रदर्शन होते, दुसऱ्याचे ते जगणे होते.

याच्या उलट उदाहरण दहा वर्षांनी घडले. पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेल्या कांशीराम यांनी मार्च १९८३ मध्ये दिल्लीहून सायकल यात्रा काढली. शंभर सायकलस्वार, सात राज्ये, चाळीस दिवस. मोहिमेच्या नावातच दोन पाय आणि दोन चाके होती. साधी गोष्ट होती: ज्या समाजाकडे मोटारींचा ताफा नाही आणि पेट्रोलला वर्गणी देणारे शेठ नाहीत, त्याने आपल्याजवळ आहे त्या साधनाने देश पालथा घालायचा. पुढच्याच वर्षी १४ एप्रिलला त्यांनी पक्ष स्थापन केला. त्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण ज्या वाहनावरून माझे वडील चावडीपुढे खाली उतरत होते, त्याच वाहनावर बसून माणसे भर रस्त्याने घोषणा देत गेली, हे मी विसरू शकत नाही.

दुसरे उदाहरण स्त्रियांचे आहे. तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला आणि बायकांना सायकलसाठी बँकांची कर्जे मिळवून दिली. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या मजूर बाया, अंगणवाडी सेविका सायकली चालवू लागल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. दांड्यावर मूल बसवता येते, हा उलट फायदाच. १९९२ च्या महिला दिनी पंधराशेंवर बायका झेंडे लावून शहरातून गेल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी २००० रुपये देण्यात आले. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. सायकलवर केलेला खर्च हा असा शिक्षणावरचा खर्च ठरतो.

आता आजचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती ती पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. तरी शहरातला रस्ता मोटारीच्या मापाने आखला जातो. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांत ३२ हजारांवर पायी चालणारी होती. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. पंपावर दिलेल्या माझ्या रुपयापैकी वस्तीत काही परत येत नाही. पंक्चर काढणाऱ्याला दिलेला रुपया निदान कोपऱ्यावरच्या दुकानात तरी राहतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्या तीन पिढ्या मोटारीत फिरल्या, त्यांनी पर्यावरणाच्या नावाने आम्हाला सायकलचा उपदेश करू नये. आज शहरात रविवारी सकाळी लाखा-लाखाच्या सायकलींवर रंगीत कपडे घालून मंडळी फिरायला निघतात. त्याच वेळी रात्रपाळी करून वॉचमन आपल्या गंजक्या सायकलवर घरी येत असतो. पहिल्याच्या सायकलला तीन दिवे असतात, दुसऱ्याच्या सायकलला एकही नसतो. पहिल्याला लोक आरोग्याची जाण असलेला म्हणतात, दुसऱ्याला गरीब म्हणतात. सायकल तीच, रस्ता तोच. प्रतिष्ठा मात्र माणूस पाहून दिली जाते.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले: "बाळा, माझे वडील सायकलवर होते ते नाइलाजाने, आणि उतरत होते तेही नाइलाजाने. मी सायकलवर आहे तो माझ्या मर्जीने, आणि मी कुठे उतरत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला मोटार दिली असे म्हणू नकोस. निवड करण्याचा अधिकार दिला, असे म्हण. मोटार घेतली नाही तर आपण लहान ठरतो, असे वाटत असेल तर चावडी अजून आपल्या डोक्यात आहे."

त्याला हे पटले की नाही, ठाऊक नाही. पण जयंती समितीच्या बैठकीत त्यानेच विषय काढला. मिरवणुकीत दरवर्षी तीस-चाळीस गाड्या असतात आणि पेट्रोल समितीच्या वर्गणीतून भरले जाते. यंदा गाड्या निम्म्या कराव्यात आणि उरलेल्या पैशांतून वस्तीतल्या रात्रपाळीवाल्यांच्या सायकलींना मागचे दिवे बसवावेत, कॉलेजला लांब जाणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्याव्यात, असे त्याने मांडले. विरोध झाला. "मिरवणूक लहान दिसेल," असे काही ज्येष्ठ म्हणाले. गाड्या निम्म्या झाल्या नाहीत, दहा कमी झाल्या. त्या पैशांत बावीस सायकलींना दिवे लागले आणि दोन मुलींना सायकली मिळाल्या.

फार झाले असे मी म्हणत नाही. पण रात्री उशिरा मी गॅलरीत उभा असतो तेव्हा पुलावरून आमची माणसे घरी परतताना दिसतात. पूर्वी ती अंधारात दिसत नसत. आता लाल दिवे दिसतात, आणि मागून येणाऱ्या मोटारीला वेग कमी करावा लागतो.