नोंद आईची, संमती कोणाची?

लष्कर मोहल्ला आणि मंडी मोहल्ला या म्हैसूरच्या जुन्या, शेजारशेजारच्या वस्त्या. येथील होल्ड्सवर्थ स्मृती या मिशन रुग्णालयात १९३४ पासून नवजात बालकाचे वजन, लांबी व डोक्याचा घेर यांची नोंद ठेवली जात असे. या नोंदी प्रसूतीच्या देखभालीसाठी होत्या, संशोधनासाठी नव्हेत.

जन्मतः कमी वजन असलेल्यांना प्रौढपणी हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यकाचे प्रतिपादन होते. ते भारतात पडताळण्यासाठी १९९०च्या दशकात संशोधकांनी रुग्णालयाच्या परिसरात घरोघरी सर्वेक्षण केले आणि तेथे जन्मलेल्या व्यक्ती शोधल्या. जन्माचा तपशील व कुटुंबाची माहिती विचारून प्रत्येकाची जुनी नोंद जुळवली. १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांवरील निष्कर्ष १९९६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर सर्वाधिक वजनाच्या गटात ते ३ टक्के होते.

या जुळणीची किल्ली उत्तर देणाऱ्याच्याच हाती होती. त्याने आईवडिलांची नावे सांगितली नसती, तर वहीतील आकडा मुकाच राहिला असता. तरीही एक प्रश्न उरतो. प्रसूतीची नोंद बाळाची असते, तशीच आईचीही असते. प्रौढ मुलाने होकार दिला, तरी आईला कोणी विचारले नव्हते. आणि अनेकींना विचारणे आता शक्यही नव्हते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये नैतिक धोरणाचे निवेदन काढले, २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. जुन्या नोंदींच्या वापराची परवानगी अशा वेळी नैतिकता समिती तपासते. ते आवश्यकच आहे. परंतु समितीची परवानगी म्हणजे व्यक्तीचा होकार नव्हे.

आज आभा क्रमांकासारख्या ओळखीमुळे नोंदी जोडण्यासाठी दार ठोठावण्याचीही गरज उरत नाही. म्हणूनच सर्वेक्षणातील उत्तरे आणि इतरत्रच्या नोंदी यांची सांगड घालण्यासाठी वेगळी संमती हवी: कोणत्या नोंदी, कशासाठी, किती काळ आणि होकार मागे घेता येईल का? नकार देणारे वगळले की निष्कर्ष एका बाजूला झुकू शकतात, हे खरे. पण त्यावर उपाय विश्वास मिळवणे हा आहे, न विचारणे हा नव्हे.