पनवेलजवळ दगड वाकतो

पनवेल म्हणजे गाडी बदलायची जागा. कोकणात जाणारे, घाट चढून देशावर जाणारे, लोकलने मुंबईत शिरणारे, सगळे इथे उतरतात, चहा घेतात आणि पुढची गाडी कधी ते विचारतात. डोंगर कुणी विचारत नाही. आज तुम्हाला गाडी बदलायची नाही, काळ बदलायचा आहे. त्यासाठी आधी गोवा रस्त्याने बाराएक किलोमीटर जाऊन कर्नाळ्याचा चढ चढावा लागेल. पाण्याची बाटली घ्या. अंगाला अत्तर लावू नका, कारण वर गेल्यावर कळेल.

नोव्हेंबरातली सकाळ आहे. घामाघूम होऊन तुम्ही किल्ल्यावर, सुळक्याच्या मुळाशी पोचता. रस्त्यावरून जाणारा माणूस त्याला अंगठा म्हणतो, आणि खालून तो दिसतोही तसाच. काळ्या बसाल्टचा सरळसोट खांब, आणि त्याच्या अंगाला लोंबणारी आग्या मोहोळं. अत्तर नको ते यासाठी. बोलायचं तेही हळू.

आता दोन्हीकडे नजर टाका. वायव्येला खाडी, आणि खाडीकाठी विमानतळाची धावपट्टी. तिथे उलव्याची टेकडी होती, सुमारे ९० मीटर उंचीची. सुरुंग लावून ती सपाट केली आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. उजवीकडे वळलात की प्रबळगड, शेजारी कलावंतिणीचं टोक, मागे माथेरान, अलीकडे इर्शाळ. प्रबळ आणि माथेरान यांचे माथे बघा. विळीवर कापल्यासारखे सपाट, आणि कड्यांवर आडव्या रेघा, वहीच्या पानावर असतात तशा. या रेघा ध्यानात ठेवा. पुढे अंधारात तेवढीच ओळखीची खूण असणार आहे.

प्रवासाचा नियम एकच. जागा हलणार नाही, काळ हलेल.

पहिले टप्पे भराभर मागे टाका. १८१८, इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरची फौज किल्ल्याला भिडली आहे. खालच्या शिरढोणात अजून २७ वर्षांनी वासुदेव बळवंत फडके जन्माला यायचे आहेत. त्यांचे आजोबा इथले किल्लेदार. त्याआधी मोगल, पोर्तुगीज, निजामशाही, यादव. सुळक्याच्या बुडाशी टाकी आणि कोठारं खोदणारे हातही येऊन गेले. माणसांचा सगळा इतिहास इथे एका उसाशात संपतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी माफ करावं, पण आपल्याला लांब जायचं आहे.

२० हजार वर्षं मागे. इथे थांबा.

गारवा आहे. पश्चिमेला बघता, तर खाडी नाही. मुंबईचा समुद्रही नाही. जगाचं पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलंय आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली आहे. किनारा इतका दूर सरकलाय की पनवेलहून निघालेला माणूस ट्रॉम्बे, मलबार हिल अशा टेकड्यांच्या कडेकडेने पाय न भिजवता पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर चालत जाईल. घारापुरी हे बेट नाही, माळावरची एक टेकडी आहे. मग बर्फ वितळेल, पाणी चढत येईल आणि सखल भागातली झाडं उभ्या उभ्या गिळेल. १८७८ च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा भरतीच्या रेषेखाली खैराच्या झाडांचं अख्खं बुडालेलं रान मिळालं. कितीतरी खोडं मुळांवर तशीच ताठ होती. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. ती जमीन होती.

आता सुळक्याला पाठ टेकवा. पुढचा टप्पा विचित्र आहे.

लाखांनी वर्षं मागे जाऊ लागतात. आधी एवढंच जाणवतं की अंगठा जाड होतोय. मग किल्ल्याखालची दरी उथळ व्हायला लागते. पावसाळ्यात विहीर भरत येते तशी ती भरत येते, पण पाण्याने नव्हे, दगडाने. पावसाने नेलेला एकेक खडा, ओढ्याने खाडीत टाकलेली एकेक ओंजळ परत येऊन आपापल्या जागी बसते आहे. प्रबळगड आणि माथेरान यांच्यामधली खिंड बुजते. पूर्वेला पस्तीसेक किलोमीटरवर असलेला घाटाचा कडा तुमच्या दिशेने सरकत येतो. गाढी नदीचं खोरं उरत नाही. मग दगड गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावर. काळोख.

घाबरू नका. तुम्ही दगडात आहात इतकंच. कर्नाळा कधी ‘उभा राहिला’ असं विचारणंच चुकीचं आहे, हे सांगायला दुसरा उपाय नव्हता. हिमालयाला वळ्या पडल्या आणि तो उठला. मध्य आशियातला तियानशान तसाच रेटला जाऊन उठला. सह्याद्री तसा उठलेला नाही, उरलेला आहे. एक अफाट पठार होतं. त्याचा कडा झिजत झिजत मागे हटला आणि वाटेत जे झिजायचं राहिलं ते प्रबळ, माथेरान, इर्शाळ, माणिकगड, कर्नाळा. पस्तीस किलोमीटर मागे हटायला सहा कोटी वर्षं लागली असं धरलं, तर सरासरी वर्षाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पडते. नखं याहून कितीतरी वेगाने वाढतात.

चला, तुम्हाला वर काढतो. पठाराच्या माथ्यावर उभे राहा. ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा, थोडा इकडे-तिकडे, काळ आहे. पश्चिमेला बघा.

तिथे समुद्र नाही. तिथे सेशेल्स आहे.

आज आफ्रिकेच्या बाजूला हिंदी महासागरात असलेला तो द्वीपसमूह तेव्हा आपल्या किनाऱ्याला चिकटलेला होता. आता तो सुटतोय. एका क्षणात नव्हे, लाखो वर्षांत. पण आपण काळ दामटून हाकतो आहोत, तेव्हा तुम्हाला दिसेल. जमीन ताणली जाते, उत्तर-दक्षिण भेगा पडतात, भेगांतून तप्त रस वर येऊन गोठतो आणि दगडात उभ्या भिंती तयार होतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि कोकणात त्या जागोजाग आहेत. मग पश्चिमेची बाजू खचते. पठाराचे आडवे थर तुटायच्या ऐवजी वाकतात, आणि समुद्राकडे कलत जातात. जिथून ते कलायला लागतात, त्या पट्ट्याला जगभरचे भूशास्त्रज्ञ एकाच नावाने ओळखतात, पनवेल फ्लेक्शर. आपण जिला गाडी बदलायची जागा समजतो, तिच्या नावाने निबंध लिहिले जातात. पनवेलच्या एकाही चौकात याचा फलक मला दिसलेला नाही.

या वाकलेल्या थरांवर लिहिणाऱ्यांपैकी एक नाव सांगण्याजोगं आहे. जॉन ऑडन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातला भूशास्त्रज्ञ, कवी ऑडनचा थोरला भाऊ. १९३७ साली तो गिर्यारोहक शिप्टन आणि टिलमन यांच्याबरोबर काराकोरमच्या पलीकडे, शक्सगामच्या निर्मनुष्य खोऱ्यात हिमनद्या तुडवत फिरत होता. नकाशावर तो भाग कोरा होता. त्याच माणसाने १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकांवर निबंध लिहिला आणि पनवेलच्या या वाकणाची चर्चा केली. शक्सगामहून पनवेलला येणं ही कुणाला उतरण वाटेल. मला वाटत नाही. तिथे रेटलेला दगड बघायचा, इथे ताणलेला.

सेशेल्स गेलं, पण नाती राहिली. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बाजूला ओल्या मातीत कधी देवगांडूळ सापडतं. दिसायला गांडूळ, पण जातकुळी बेडकांची. पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. त्याची जवळची भावकी सेशेल्समध्ये आहे. पोहत जाणारा हा प्राणी नव्हे. जमीन तुटली, तेव्हा काही इकडे राहिले, काही तिकडे गेले.

आणखी तीस लाख वर्षं मागे. ६ कोटी ६० लाख.

आधी आकाश बघा. दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला आहे. आज १९ अंश उत्तरेला असलेलं पनवेल तेव्हा विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला होतं. दिवसही आपल्यापेक्षा अर्ध्या तासाच्या आसपास लहान. वास गंधकाचा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि हजारभर अंशांहून तापलेला रस त्यांतून वाहतो आहे. चित्रातला शंकूसारखा ज्वालामुखी शोधू नका. हे उतू जाणं आहे. रसावर काळी साय धरते, आतून रस येत राहतो, साय फुगते, फाटते, पुढे सरकते. आतले बुडबुडे तसेच गोठतात. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक वाढतील, आणि पुढे घाटात रस्ता खणताना मजूर त्यांना गारगोट्या म्हणून उचलून ठेवतील.

मग शांतता. कधी शेकडो, कधी हजारो वर्षं. काळ्या पाठीवर माती तयार होते, तांबूस, ओली. तळी साचतात, हिरवं काही उगवतं. मुंबईच्या थरांत अशाच मधल्या काळातला एक इवला बेडूक वरळीला दगडात सापडला. रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्याचं वर्णन केलं. मग पुन्हा रस येतो आणि ती माती विटेसारखी भाजून काढतो. घाटातल्या कटिंगमध्ये दोन काळ्या थरांच्या मधे लाल पट्टी दिसते ना, ती ही. प्रबळच्या कड्यावरच्या आडव्या रेघांचा अर्थ तुम्हाला आता कळला असेल. प्रत्येक पायरी म्हणजे एक उतू जाणं.

या थरांना नावं आहेत, आणि ती आपल्याच स्टेशनांची, देवळांची आहेत. नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर. खालून वर असे एकावर एक रचलेले. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. याच काळात मेक्सिकोजवळ उल्का आदळली आणि डायनासोर संपले. मारेकरी उल्का की आपला लावा, यावर अजून वाद चालू आहे. आपला लावा म्हणून पनवेलकरांनी त्याची बाजू घ्यायचं कारण नाही.

परत फिरा. येताना दोन ठिकाणी फक्त डोळे उघडायचे.

एक, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. पायाखालची जमीन विषुववृत्ताकडे सरकत आली आहे आणि पुढची बाजू आशियाला धडकली आहे. इथे तुम्हाला हिसका बसत नाही. पण हिमालय त्या धडकेने उठतो, आणि तिचा रेटा पुढे पोचून कालांतराने पार तिकडच्या तियानशानलाही पुन्हा उचलतो. ज्या ढालीने ते डोंगर रेटले, तिच्याच पाठीवर पनवेल बसलेलं आहे.

दुसरं ठिकाण, १९ जुलै २०२३ ची रात्र. तिथे मी तुम्हाला उतरवणार नाही. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी, मुसळधार पाऊस, आणि वरून सुटलेला उतार. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांचा पत्ता लागला नाही, आणि २३ जुलैला शोध थांबवला. सरासरी वर्षाला अर्धा मिलिमीटर, असं मघाशी मी म्हणालो खरं. डोंगर सरासरीने झिजत नाही. तो वर्षानुवर्षं थांबतो आणि एका रात्रीत येतो.

पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा अंगठा. मोहोळं जागेवर आहेत. पायवाटेने खाली उतरा. पावसाळ्यात इथल्या ओढ्यांच्या मातीच्या काठाला भोक पाडून तिबोटी खंड्या घर करतो; आता तो दिसणार नाही. त्याऐवजी पाणी आटत आलेल्या खडकावर राखी पाठीचा, पिवळ्या पोटाचा एक पक्षी शेपूट खालीवर करत नाचताना दिसेल. करडा धोबी. त्याच्या जातीचे पक्षी तियानशानसारख्या डोंगरांतल्या ओढ्यांकाठी घरटी करतात आणि हिवाळा आला की हिमालय ओलांडून खाली येतात. रेटून उठलेल्या डोंगरातून उरलेल्या डोंगरात. कर्नाळ्याचं अभयारण्य १९६८ चं, आज १२.११ चौरस किलोमीटरचं. त्याला तेवढं पुरतं.

अभयारण्याच्या फाटकाबाहेर गोवा रस्ता. पनवेलकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहा. समोरून खडीचे डंपर जातील, एकामागून एक, मागे काळी धूळ उडवत. कुठल्या थराचा दगड आहे हे त्यांच्या पावतीवर नसतं. तो ब्रासच्या भावाने जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.