अर्धा वाटा

नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. उषवदात हा क्षहरात राजा नहपान याचा जामात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने भिक्षुसंघाला एक लेणे दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणही दिले. परंतु ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तिची ठेव केली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरविले. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे दगडावर कोरवून घेतले. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. न आटणाऱ्या या ठेवीला लेखात शब्द आहे ‘अक्षयनीवी’.

उषवदाताला एक गोष्ट नीट उमगली होती. लेणे एकदा खोदले म्हणजे झाले. वस्त्र मात्र दरवर्षी लागते. विद्येच्या क्षेत्रातही हेच खरे आहे. महाविद्यालयाची इमारत एका पिढीच्या उत्साहावर उभी राहते. पण गरीब घरातून येणाऱ्या मुलाची फी, त्याचे जेवण, त्याची पुस्तके यांची गरज दर जून महिन्याला नव्याने उभी राहते. म्हणून शिष्यवृत्तीला वर्गणी पुरत नाही. तिला अक्षयनीवी लागते.

ही नीवी आणावयाची कोठून? उषवदात राजाचा जावई होता. ज्या समाजाजवळ राजा नाही आणि राजाचा जावईही नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाला आधुनिक काळाने दिलेले एक उत्तर असे : दात्याने सगळे द्यावयाचे नाही, अर्धे द्यावयाचे. “तुम्ही जितके जमवाल, तितके मी घालीन” असे त्याने म्हणावयाचे. ही अट वरवर साधी दिसते. तिच्यात किती बळ आहे आणि किती धोका आहे, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला. त्याच वर्षी, ज्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म गुलामीत झाला होता असे काही तरुण आणि तरुणी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गात होते. ते आपल्या महाविद्यालयासाठी पैसा जमवावयास निघाले होते.

त्यांचे महाविद्यालय म्हणजे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क. यादवी युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, अशा वेळी, जानेवारी १८६६ मध्ये, लष्करी रुग्णालयाच्या टाकून दिलेल्या लाकडी बराकींत ही शाळा उघडली. पाच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या आणि कर्ज वाढले. तेव्हा संस्थेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते दौऱ्यावर निघाले. दौऱ्याच्या आरंभी सिनसिनाटी येथे मिळालेली प्राप्ती पन्नास डॉलरांहूनही कमी होती. त्याच दिवसांत शिकागो शहर आगीत भस्मसात झाले होते. या मुलांनी ती सारी रक्कम शिकागोच्या आपद्ग्रस्तांना दिली. स्वतःच्या संस्थेची तिजोरी रिकामी असताना दिलेले हे दान आहे.

पुढे त्यांनी आपल्या आईबापांची, गुलामांच्या वस्तीत गायिली जाणारी भक्तिगीते जाहीरपणे गावयास आरंभ केला. प्रथम त्यांना याचा संकोच वाटे. ती गीते त्यांच्या लेखी पवित्र होती आणि जुन्या दुःखाची खूणही होती. पण त्याच गीतांनी अमेरिका आणि युरोप जिंकले. बायबलातील दास्यमुक्तीच्या वर्षावरून पडलेले ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव सर्वतोमुखी झाले, आणि त्यांच्या प्राप्तीतून उभारलेल्या ज्युबिली हॉल या भव्य वास्तूचे उद्घाटन १ जानेवारी १८७६ रोजी झाले.

तथापि ज्युबिली हॉल हे लेणे होते, अक्षयनीवी नव्हे. गाऊन इमारत उभी राहिली. दरवर्षीचा खर्च भागविण्यासाठी मात्र पुन्हा पुन्हा गावे लागले. पहिल्या नऊ गायकांपैकी कित्येकांचे शिक्षण या दौऱ्यांतच अपुरे राहिले. महाविद्यालय वाचविण्यासाठी विद्यार्थ्याने आपले शिक्षण खर्ची घालावे, हा व्यवहार कायमचा चालणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील धनिकांच्या दानाला नवे वळण लागले. जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून १९०२ साली जनरल एज्युकेशन बोर्ड स्थापन झाले आणि महाविद्यालयांच्या कायम निधीसाठी ते मोठमोठ्या रकमा देऊ लागले. मात्र या देणग्यांना बहुधा अट असे : संस्थेने ठरलेली रक्कम आधी इतरांकडून जमवून दाखवावी. या अटीमागील विचार चुकीचा नव्हता. ज्या संस्थेसाठी तिची स्वतःची माणसे पदर खोचून उभी राहत नाहीत, ती दात्याच्या पाठोपाठ कोसळते. शिवाय फुकट मिळालेले परके वाटते, वाटा उचललेले आपले वाटते.

या विचाराचा सर्वांत सुंदर दाखला महाविद्यालयांत नव्हे, तर दक्षिणेतील खेड्यांच्या शाळांत सापडतो. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने १९१२ साली अशा शाळांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला. अट एवढीच, की गावकऱ्यांनी आणि सरकारने आपापला वाटा उचलावा. १९३२ पर्यंत शाळा, शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा मिळून पाच हजारांहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. हिशेब झाला तेव्हा रोझेनवाल्ड यांच्याकडून सुमारे ४३ लाख डॉलर आले होते आणि कृष्णवर्णीय जनतेकडून सुमारे ४७ लाख. दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या माणसांनी कोट्यधीशापेक्षा अधिक दिले होते. कोणी पैसा दिला, कोणी जमीन, कोणी लाकूड, कोणी आपले श्रम.

परंतु शाळेची भिंत श्रमाने उभी राहते, महाविद्यालयाची अक्षयनीवी श्रमाने उभी राहत नाही. तिला रोख मूळधन लागते, आणि ते शेकड्यांनी नव्हे, लाखांनी लागते. येथे अर्ध्या वाट्याच्या अटीची दुसरी बाजू दिसू लागते. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांत सावकार आणि गिरणीमालक होते; फिस्कच्या माजी विद्यार्थ्यांत बहुतेक शिक्षक आणि धर्मोपदेशक होते. दोघांनाही एकच अट घालणे हे गणिताच्या दृष्टीने समान खरे; त्यागाच्या दृष्टीने ते समान नव्हते.

१९१५ पासून फिस्कचे अध्यक्ष असलेले फेएट मॅकेन्झी हे गोरे गृहस्थ होते. फिस्कला दहा लाख डॉलरांचा निधी मिळवून द्यावयाचा, असा त्यांनी ध्यास घेतला. जनरल एज्युकेशन बोर्डाने पाच लाख देण्याचे मान्य केले. उरलेले पाच लाख फिस्कने जमवावयाचे. वस्तुतः हा दुसरा निम्मा भाग म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या माणसांची साक्ष. पण त्यांच्याजवळ पाच लाख होते कोठे? त्यातील अडीच लाख कार्नेगी कॉर्पोरेशनने दिले आणि पन्नास हजारांची जबाबदारी नॅशव्हिलच्या गोऱ्या नागरिकांनी उचलली. म्हणजे दुसऱ्या निम्म्यातीलही मोठा भाग पुन्हा दुसऱ्यांच्याच तिजोरीतून आला. १९२४ साली दहा लाखांचा संकल्प पुरा झाला.

या संकल्पाची किंमत तोपर्यंत विद्यार्थी चुकवीत होते. ज्यांची मर्जी राखावयाची, त्यांच्या डोळ्यांना विद्यालय शिस्तीचे आणि नम्र दिसावयास हवे होते. विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद करण्यात आले. विद्यार्थिमंडळाला परवानगी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची शाखा उघडू दिली नाही. पोशाखापासून मुलामुलींच्या बोलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला नियम होता.

जून १९२४ मध्ये पदवीदान प्रसंगी फिस्कचे एक माजी विद्यार्थी बोलावयास उभे राहिले. ते होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १८८८ साली ते येथूनच पदवीधर झाले होते आणि त्या वर्षी त्यांची कन्या पदवीधर होत होती. अभिनंदनाची अपेक्षा असलेल्या सभेत त्यांनी अध्यक्षांच्या कारभारावर उघड टीका केली. पैशासाठी संस्था आपल्याच विद्यार्थ्यांचा स्वाभिमान दडपीत आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी निषेध केला, तेव्हा मॅकेन्झी यांनी शहरातील पोलीस बोलाविले. त्यावर विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि नॅशव्हिलमधील कृष्णवर्णीय नागरिक त्यांच्या पाठीशी राहिले. एप्रिलमध्ये मॅकेन्झी यांनी राजीनामा दिला.

मॅकेन्झी यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. निधीवाचून फिस्क टिकणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. निधीसाठी मान तुकवावी लागेल, हे त्यांनी त्यातून काढलेले अनुमान मात्र त्यांच्याच विद्यार्थ्यांनी नाकारले. अक्षयनीवी ठेवावयाची ती कशासाठी? संस्थेला दरवर्षी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी. ती मिळविण्यासाठीच जर कायमचे आर्जव करावे लागले, तर मूळधन वाढते आणि मूळ हेतू बुडतो.

या पेचातून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रेडरिक पॅटर्सन यांनी केला. ते टस्कीगी संस्थेचे अध्यक्ष होते, व्यवसायाने पशुवैद्य. प्रत्येक महाविद्यालयाने एकट्याने धनिकांच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी सर्वांनी एकत्र येऊन साऱ्या राष्ट्राकडे मागावे, लहान रकमा पुष्कळांकडून घ्याव्यात, अशी कल्पना त्यांनी जानेवारी १९४३ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात मांडली. एप्रिल १९४४ मध्ये २७ महाविद्यालये मिळून युनायटेड निग्रो कॉलेज फंड स्थापन झाला आणि पहिल्याच मोहिमेत साडेसात लाखांहून अधिक डॉलर जमले. देणारे अनेक झाले म्हणजे कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे त्यातील मर्म होते.

पण वार्षिक वर्गणी ती वर्गणीच. उत्तर आयुष्यात पॅटर्सन पुन्हा कायम निधीकडे वळले आणि त्यासाठी योजना आखीत राहिले. १९८३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने केलेल्या कायद्याने, अपुऱ्या साधनांच्या महाविद्यालयांनी स्वतः निधी जमविल्यास सरकारने त्यात आपली रक्कम घालावी, अशी सोय झाली. मूळधनाला वीस वर्षे हात लावावयाचा नाही आणि उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक खर्चावयाचे नाही, हे तिचे नियम. गोवर्धनच्या विणकरांना ते ऐकून नवल वाटले नसते.

अर्ध्या वाट्याची अट ही अशी दुधारी आहे. खेड्यातील शाळांना तिने मालकीची जाणीव दिली. फिस्कला तिने काही काळ मिंधे केले. रकमेच्या आकड्यावरून हा भेद कळत नाही. दुसरा निम्मा भाग कोणी दिला आणि तो देताना त्याने काय मागितले, हे पाहिले म्हणजे तो कळतो. शिष्यवृत्तीचा निधी उभारताना दाता “तुम्ही किती जमविले?” असे विचारतो, तेव्हा जमविणाऱ्यांनी “कोणाकडून जमविले?” हा प्रश्न स्वतःला विचारावा. गावातल्या शंभर घरांतून आलेले शंभर रुपये आणि एका वाड्यातून आलेले शंभर रुपये वहीत सारखेच मांडले जातात. त्या पैशावर शिकलेला मुलगा पुढे कोणापुढे ताठ मानेने बोलू शकेल, हे मात्र त्या दोन नोंदींतील फरकावर अवलंबून असते.