‘लिंक्ड टू’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे! इंग्रजी संशोधनातले कारण-परिणामाचे शब्द कसे वाचायचे?

‘कॉफीमुळे आयुष्य वाढतं, संशोधकांचा दावा.’ अशा पोस्ट सोशल मीडियावर सतत फिरत असतात. मूळ इंग्रजी शोधनिबंध उघडून पाहिला, तर अनेकदा त्यात ‘कॉज’ हा शब्दच सापडत नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘असोसिएटेड विथ’ किंवा ‘लिंक्ड टू’. म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच. कॉफी पिणारे जास्त जगलेले दिसले, पण त्याचं श्रेय कॉफीचंच आहे का? कदाचित उलटंही असेल. तब्येत बिघडलेल्यांनी कॉफी आधीच सोडली असेल आणि पिणाऱ्यांत धडधाकट लोकच उरले असतील.

गोंधळ वाढतो तो भाषांतरात. मराठीत ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय इतकं सोयीचं आहे की ‘ड्यू टू’, ‘लिंक्ड टू’, ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’ या सगळ्यांची बोळवण त्या एकाच शब्दावर होते. इंग्रजीत मात्र या शब्दांचं वजन वेगवेगळं आहे. ‘असोसिएटेड विथ’ म्हणजे फक्त संबंध आढळला. ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’ म्हणजे अनेक कारणांपैकी हे एक. ‘कॉजेस’, ‘लीड्स टू’ आणि ‘रिझल्ट्स इन’ म्हणजे ठाम दावा. त्यांच्याआधी ‘मे’ लागला, की दावा पुन्हा सैल होतो.

हा शब्दच्छल नाही. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण पाहा. १९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दोहोंतला संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हा युक्तिवाद तंबाखू कंपन्या त्यानंतर वर्षानुवर्षं करत राहिल्या. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल ११ जानेवारी १९६४ रोजी आला, तेव्हा तो तयार करणाऱ्या समितीने ‘कॉज’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा याचीही चर्चा अहवालात केली होती. पुरुषांच्या बाबतीत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांत कार्यकारणसंबंध आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. स्त्रियांची माहिती तेव्हा कमी होती, म्हणून त्यांच्याबाबत पुरावा त्याच दिशेने जातो, इतकंच म्हटलं. एकाच अहवालात, एकाच रोगाबद्दल, पुराव्यानुसार शब्द बदलले होते.

नुसत्या संबंधावरून कारणापर्यंत कधी जाता येतं, हे तपासण्यासाठी हिल यांनी १९६५ मध्ये नऊ मुद्दे मांडले. संबंध किती घट्ट आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत तो पुन्हा दिसतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर आला का, हे त्यांपैकी काही. आजही ‘जामा’सारखी वैद्यकीय नियतकालिकं निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत ‘इफेक्ट’सारखे शब्द वापरू देत नाहीत. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छेने गट पाडून केलेली चाचणी लागते.

वजनाइतकीच दिशाही महत्त्वाची. ‘रिझल्ट इन’च्या पुढे परिणाम येतो, ‘रिझल्ट फ्रॉम’च्या पुढे कारण. ‘ड्रॉट रिझल्टेड इन क्रॉप लॉस’ आणि ‘क्रॉप लॉस रिझल्टेड फ्रॉम ड्रॉट’ या दोन्ही वाक्यांत दुष्काळ हेच कारण आहे. मराठीत आपण बहुधा कारण आधी सांगतो. त्यामुळे घाईत वाचताना दुसऱ्या वाक्यात उलट अर्थ लागू शकतो. ‘ड्यू टू’, ‘ओइंग टू’ आणि ‘स्टेम्स फ्रॉम’ यांच्याही पुढे कारणच येतं.

सगळ्यात फसवा शब्द ‘सिन्स’. ‘सिन्स द फॅक्टरी क्लोज्ड, मायग्रेशन हॅज इन्क्रीज्ड’ या वाक्याचा अर्थ काय? कारखाना बंद झाल्यापासून स्थलांतर वाढलं, की बंद झाल्यामुळे? व्याकरणाने दोन्ही बरोबर. म्हणूनच अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखन-मार्गदर्शिका कारण सांगायचं असेल तिथे ‘बिकॉज’ वापरायचा सल्ला देते.

‘देअरफोर’, ‘हेन्स’ आणि ‘दस’ यांची गंमत आणखी वेगळी. त्यांच्या पुढे दर वेळी परिणामच येतो असं नाही, कधी नुसता निष्कर्ष येतो. ‘रस्ता ओला आहे, देअरफोर रात्री पाऊस पडला असावा’ या वाक्यात रस्त्याने पाऊस पाडलेला नाही. रस्ता हा पुरावा आहे आणि पाऊस हा लेखकाचा अंदाज. टँकर गळत गेला असेल, तरी रस्ता ओलाच दिसणार.