शिरानलिकाजन्य रक्तगुठळी : कर्करुग्णांतील प्रतिबंध

केमोथेरपीसाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीभोवती रक्त गोठून होणारी गुठळी. ती बहुधा दंडाच्या, काखेच्या किंवा गळपट्टीच्या हाडामागील शिरेत होते. प्रचलित नळ्या तीन : दंडातून घालायची पिक लाईन, छातीवर बाहेर निघणारी हिकमन नळी आणि कातडीखाली झाकलेला पोर्ट. पिक लाईनमध्ये गुठळीचे प्रमाण पोर्टपेक्षा अधिक आढळते. नळी शिरेच्या अस्तराला घासते, प्रवाह मंदावतो, आणि कर्करोगात रक्त मुळातच लवकर गोठू पाहते.

बसवताना : प्रतिबंधाचा मोठा भाग येथेच साधतो. सोनोग्राफीत शीर पाहून, शक्यतो उजव्या बाजूने नळी घालतात. तिचे टोक ऊर्ध्व महाशिरा व उजवी कर्णिका यांच्या संधीपाशी हवे. टोक वर राहिले तर धोका वाढतो. पिक लाईनची जाडी शिरेच्या व्यासाच्या 45 टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत. गरज संपताच नळी काढावी.

औषधे : 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रोज 1 मिग्रॅ. वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या 42 रुग्णांपैकी 4 जणांना, तर न घेणाऱ्या 40 पैकी 15 जणांना गुठळी झाली. त्यावरून अनेक ठिकाणी ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली. 2005 मध्ये इटलीतील 385 रुग्णांच्या चाचणीत इनॉक्सापॅरिन या हेपॅरिन गटातील इंजेक्शनाने गुठळीचे प्रमाण 18 वरून 14.1 टक्क्यांवर आले, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. 2009 साली ब्रिटनमधील 1590 रुग्णांच्या ‘वॉर्प’ चाचणीने वॉरफॅरिनचा प्रश्न बव्हंशी निकालात काढला : वॉरफॅरिन घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांत लक्षणे देणाऱ्या गुठळीचे प्रमाण सुमारे 6 टक्केच होते. पुढच्या एकत्रित विश्लेषणांत हेपॅरिन गटातील इंजेक्शनांचा काही लाभ दिसतो. तरीही सर्वांना सरसकट औषध देण्याची शिफारस नाही. पूर्वी गुठळी झालेल्यांबाबत डॉक्टरांत मतभिन्नता आहे. प्लेटलेट कमी असताना या औषधांनी रक्तस्रावाचे भय असते.

फ्लश (नळी धुणे) : नळीत सलाईन थांबत-थांबत ढकलतात, सिरिंज 10 मिलि.ची घेतात, कारण लहान सिरिंजचा दाब नळी फोडू शकतो. यामुळे नळी आतून बुजत नाही. शिरेतील गुठळी मात्र टळतेच असे नाही. पोर्टमध्ये हेपॅरिनऐवजी नुसते सलाईन भरले तरी चालते, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 802 रुग्णांच्या बेल्जियममधील चाचणीत दिसले.

कर्जत–खालापूर : रायगड जिल्ह्यातील या तालुक्यांतले अनेक रुग्ण मुंबईत परळचे टाटा मेमोरियल (1941) किंवा जिल्ह्यातच असलेले खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र गाठतात. उपचाराचा खर्च उचलणाऱ्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे मूळ रूप असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. उपचार शहरात होतात, पण दोन केमोंमधले दिवस रुग्ण गावी काढतो. नळीची खरी निगा तेथेच. पिक लाईनला दर आठवड्याला फ्लश व नवे ड्रेसिंग लागते, वापरात नसलेल्या पोर्टला साधारण चार ते सहा आठवड्यांनी फ्लश पुरतो. डोंगराकडेच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून आठवड्याला लोकल गाठणे कठीण, म्हणून लांबणाऱ्या उपचारात पोर्टचा विचार आधी व्हावा. पावसाळ्यात ड्रेसिंग ओले होऊन सुटते. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि संसर्गामागून गुठळी येऊ शकते. पिक लाईन असताना भात लावणीच्या चिखलात हात घालू नये, मोळी किंवा भरलेला हंडा उचलू नये. मूठ उघडमीट करणे व हात सहज हलवणे मात्र चालू ठेवावे. त्या हातावर रक्तदाब मोजू नये.

बांगड्या अचानक रुतू लागणे, दंड जड होणे, गळा सुजणे, छातीवर निळ्या शिरा उमटणे ही लक्षणे दिसताच, पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. एकाएकी दम लागल्यास रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा.

उपचार : रक्त पातळ करणारी औषधे, किमान तीन महिने. चालू व आवश्यक नळी काढण्याची घाई करत नाहीत.

लहान मुले : औषधी प्रतिबंधाची सरसकट शिफारस नाही.